चार तळहातांएवढी जमीन

टायरच्या कडेवर छापलेला मजकूर सहसा कुणी वाचत नाही. कंपनीचं नाव दिसलं की काम झालं. पण त्या नावाच्या शेजारी एक छोटी ओळ असते आणि गाडीबद्दल ती बरंच काही सांगते. उदाहरणार्थ, '२१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू'. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण ९७ मिलिमीटर. रिम १७ इंचांची. ८७ हा आकडा सांगतो की हा टायर ५४५ किलो भार पेलेल. 'डब्ल्यू' म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनवलेला आहे.

टोयोटाने २०१२ साली '८६' नावाची स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली (सुबारूकडची तिची जुळी बहीण बीआरझेड), तेव्हा तिच्या चारही चाकांवर ही ओळ होती. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. दोन लिटरचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन, जपानी मापाने २०० अश्वशक्ती, २०५ न्यूटन-मीटर टॉर्क. वजन साडेबाराशे किलोंच्या आतबाहेर. कागदावर सगळं व्यवस्थित. लोक अडखळले ते टायरपाशी. स्पोर्ट्‌स कारला मिशेलिन प्रायमसी एचपी? हा तर आरामात, कमी आवाजात लांबचा प्रवास करणाऱ्या सेडान गाड्यांचा टायर. 'प्रियसचे टायर लावलेत' अशी टिंगल जगभर झाली, आणि ती आजही पूर्ण थांबलेली नाही.

मुख्य अभियंता तेत्सुया तादा आणि त्यांच्या चमूने हे चुकून केलं नव्हतं. गाडी कमी वेगात, साध्या रस्त्यावर, साध्या ड्रायव्हरच्या हातातही थोडी घसरावी, सरकावी, बोलावी, असा तो हेतू होता. पकड मुद्दाम मर्यादित ठेवलेली होती.

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकायला आलीच नाही. आपल्यातल्या बहुतेकांना ती गेममधून, रील्समधून, नाहीतर 'इनिशियल डी'च्या वारशातून माहीत. तरी तिच्या चाकांबद्दल मला लिहावंसं वाटतं, कारण तिच्या मालकांनी तिच्याशी जे केलं त्यात आपल्या काळाच्या आवडीनिवडीचा एक मोठा तुकडा सापडतो. बनवणाऱ्याने एक गोष्ट मुद्दाम लहान ठेवली. घेणाऱ्याने घरी आणल्यावर सगळ्यात आधी तीच मोठी केली. नवी मॅगव्हील, नवे रुंद टायर. हा बदल म्हणजे एका मजकुरावरची टीकाच आहे, आणि कुठल्याही टीकेसारखी तीही तपासून पाहता येते.

थांबलेल्या गाडीचं सौंदर्यशास्त्र

पहिला पंथ दिसण्याचा. त्याला हसणं सोपं आहे, म्हणून आधी त्याची बाजू नीट मांडतो.

जपानी गाडीवेड्यांनी चाकांसाठी स्वतःची परिभाषा घडवली आहे. 'त्सुराइची' म्हणजे चाकाची बाहेरची कड आणि फेंडरची कड एका पातळीत येणं. 'त्सुरा' म्हणजे चेहरा किंवा पृष्ठभाग, 'इची' म्हणजे एक. 'हिप्पारी' म्हणजे ताणणं: रुंद रिमवर अरुंद टायर ओढून बसवायचा, की साइडवॉल तिरकी होऊन आत झुकते. 'ओनिक्यान' म्हणजे राक्षसी कॅम्बर: चाकं वरच्या बाजूने आत इतकी कललेली, की गाडी पाय फेंगडे करून उभी आहे असं वाटावं. आणि 'शाकोतान' म्हणजे जमिनीला टेकायला आलेली गाडी. ज्या हौसेला स्वतःचे शब्द आहेत, तिला निव्वळ पोरकटपणा म्हणून बाजूला सारता येत नाही.

यात अचूकपणाही आहे. मूळ चाक १७ इंच व्यासाचं, ७ इंच रुंद आणि ऑफसेट ४८. ऑफसेट म्हणजे चाक जिथे हबला बसतं तो पृष्ठभाग आणि चाकाच्या रुंदीची मध्यरेषा यांतलं मिलिमीटरमधलं अंतर. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं. समजा ९ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ असलेलं चाक घेतलं. रुंदी दोन इंचांनी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला २५.४ मिलिमीटर. ऑफसेट ३ने घटला. म्हणून बाहेरची कड २८.४ मिलिमीटर बाहेर जाईल आणि आतली कड सस्पेन्शनच्या दिशेने २२.४ मिलिमीटर आत सरकेल. फेंडरशी 'एक चेहरा' साधायचा तर हा हिशेब दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जुळावा लागतो. गझलेत मात्रा जुळवणाऱ्याला हे वेड कळेल.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे सौंदर्य थांबलेल्या गाडीचं आहे. चाक ही मुळात फिरण्याची वस्तू, आणि हा पंथ तिला चौकटीत बसवतो. ओनिक्यान केलेल्या गाडीत टायर आतल्या कडेवरच उभा राहतो. उरलेली रुंदी हवेत आणि आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत. ताणलेल्या टायरची साइडवॉल ज्या कोनात काम करायला बनवली त्या कोनात ती नसते, आणि रिमची कड उघडी पडते. चाक जितकं बाहेर काढावं तितकं स्टिअरिंगचं भूमितीय गणित बदलतं. रस्त्यावरची प्रत्येक खाच हातात झटका बनून येते. जपानमध्ये 'शाकेन' नावाची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची वाहन तपासणी आहे. फेंडरबाहेर डोकावणारी चाकं तिथे अडतात, म्हणूनच त्सुराइचीचा थरार त्या रेषेवर उभं राहण्यात आहे.

तरी या पंथाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो खोटं बोलत नाही. 'माझी गाडी छान दिसते' एवढाच त्याचा दावा असतो, आणि ती दिसतेही. सत्तरच्या दशकातल्या रेसगाड्यांचे पसरट फेंडर आणि रुंद चाकं कामासाठी होती. इथे ती आठवण म्हणून, दागिना म्हणून उरली आहेत. दागिना वाईट नसतो. फक्त तो घालून कुस्ती खेळू नये.

घड्याळ नावाचा समीक्षक

दुसरा पंथ पकडीचा. त्याचा दावा मोठा आहे: रुंद टायर म्हणजे जास्त पकड, जास्त पकड म्हणजे चांगली गाडी. या वाक्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा तपासायला हवा.

आधी एक गैरसमज. रुंद टायर लावला की जास्त रबर जमिनीला टेकतं, असं सर्रास मानलं जातं. साधा हिशेब करू. साडेबाराशे किलोंची गाडी, चार चाकं, म्हणजे प्रत्येकावर सुमारे ३१० किलो. टायरमधली हवा ३३ पीएसआयच्या आसपास. वजनाला दाबाने भागलं की जमिनीला टेकलेला भाग साधारण १३० चौरस सेंटिमीटर येतो. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज बरोबर आहे. तुमचा हात टेबलावर पसरून ठेवा. जवळपास तेवढाच. अख्खी गाडी अशा चार तळहातांवर उभी असते.

आता टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर वजन तेच, दाब तोच, म्हणून क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार. तळहात आधी थोडा लांबट होता, आता आडवा झाला. मग पकड वाढते कशी? कारण रबर शाळेतल्या घर्षणाच्या नियमाला पूर्ण बांधील नाही. त्याच्यावर दाब वाढला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही, थोडी कमी. वळणावर बाहेरच्या चाकांवर भार एकवटतो तेव्हा रुंद टायर तो भार अधिक समजूतदारपणे वाटून घेतो. शिवाय रबर जास्त असल्याने ते लवकर तापून मऊ पडत नाही, आणि रुंद टायरमध्ये हवाही थोडी कमी ठेवता येते. म्हणून शर्यतीत रुंद टायर जिंकतात. पार्किंग लॉटमध्ये कोन मांडून वेळेविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये ८६च्या मालकांनी १७ बाय ९ ची चाकं आणि २४५/४० टायर ही जोडी उगाच लोकप्रिय केलेली नाही. एकूण व्यास मूळच्या ६२५ मिलिमीटरवरून ६२८वर जातो, म्हणजे स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलत नाही. हुशार निवड आहे.

पण आकार आडवा झाला की गाडीच्या बोलण्याची लय बदलते, आणि घड्याळ ती मोजत नाही. वळताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्यांत थोडा कोन असतो. पायाचा ठसा लांबट असेल तर त्याचा मागचा भाग आधी सरकू लागतो आणि पुढचा अजून धरून असतो. सरकणं हळूहळू येतं, हातांना आणि बुडाला आधी कळतं. ठसा आखूड आणि रुंद असेल तर टायर कमी कोनात जास्त पकड देतो, आणि सोडतो तेव्हा तितक्याच तडकाफडकी सोडतो. त्यात साइडवॉलही ठेंगणी आणि कडक असेल तर इशारा आणखी आखडता होतो.

दुसरा मुद्दा वेगाचा. ८६च्या मूळ टायरवर मागची चाकं ज्या वेगाला सरकायची, त्याच वळणावर २४५च्या चिकट टायरवर ती बऱ्याच अधिक वेगाला सरकतील. ट्रॅकवर हे उत्तम, कारण तिथे पळायला मोकळी जागा असते. सार्वजनिक रस्त्यावर दोनच शक्यता उरतात. तुम्ही त्या सीमेजवळ कधीच जाणार नाही, आणि गाडी नेहमी अर्धवट झोपलेली वाटेल. किंवा जाल, आणि तेव्हा चूक निस्तरायला वेळ आणि रस्ता दोन्ही कमी असतील. २०५ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला चार रुंद टायर इतके जड होतात, की 'मागच्या चाकांची गाडी' ही ओळख कागदावरच राहते.

या पंथाचा दोष वेगाचा हव्यास नाही. त्याने एकच समीक्षक नेमला आहे, हा आहे. घड्याळ प्रामाणिक असतं, पण त्याला एकच प्रश्न कळतो. कवितेची किंमत ती किती सेकंदात वाचून होते यावर ठरवावी, तसं काहीसं हे आहे.

उसनी पाठ

तिसरी तऱ्हा या दोन्ही पंथांच्या मधली आणि मला सर्वांत कमी पटणारी. पुढे अरुंद, मागे रुंद. इंग्रजीत 'स्टॅगर्ड'. मागून पाहिलं की गाडी भारदस्त दिसते, आणि 'मागच्या चाकांना ताकद जाते, मग मागे रुंद टायर नको का?' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो.

हा आकार मोठ्या प्रमाणात पोर्शे ९११कडून आपल्या डोळ्यांत बसला आहे. आजच्या पिढीतल्या ९११ कॅरेराला पुढे २३५ आणि मागे २९५ रुंदीचे टायर आहेत. ६० मिलिमीटरचा फरक. पण त्या गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं आहे. वजनाचा मोठा हिस्सा मागे, म्हणून रबरही मागे. तिथे मागचा रुंद टायर हे अटळ उत्तर आहे.

८६मध्ये इंजिन पुढे आहे आणि वजनाची वाटणी साधारण पुढे ५३, मागे ४७. जरासं पुढेच जड. तिच्या निर्मात्यांनी चारही टायर एकाच मापाचे दिले, कारण गाडीचा तोल त्या समतेवर बांधलेला आहे. तिथे पुढे २१५ ठेवून मागे २४५ लावले की मागचं टोक जमिनीला चिकटतं आणि पुढचं आधी हार मानतं. स्टिअरिंग वळवावं आणि गाडीने नाक बाहेर काढत सरळ जात राहावं, यालाच अंडरस्टिअर म्हणतात. समोरच्या चाकांना ताकद जाणाऱ्या कौटुंबिक गाड्यांत तो सुरक्षिततेसाठी जाणूनबुजून ठेवलेला असतो. तो टाळायचा म्हणून ज्याने ही गाडी घेतली, त्यानेच पैसे देऊन तो विकत आणला. शिवाय मापं वेगळी झाल्याने पुढचे-मागचे टायर आलटूनपालटून झीज सारखी करायची सोयही गेली.

वाईट अनुवादात हेच होतं. दुसऱ्या भाषेतल्या वाक्याचा डौल आवडला म्हणून तो जसाच्या तसा उचलला, पण तिथे तो डौल ज्या गरजेतून आला ती गरज इकडे नव्हतीच.

ग्लासातलं पाणी

८६ हा आकडा मुळात १९८३ ते १९८७ या काळात बनलेल्या टोयोटाच्या एई८६ या हलक्या गाडीचा. 'हाचि-रोकु', आठ-सहा. शर्यतपटू केइची त्सुचियाने तिला ड्रिफ्टची गाडी म्हणून नाव मिळवून दिलं, आणि शुइची शिगेनोच्या 'इनिशियल डी' या १९९५ ते २०१३ चाललेल्या मांगाने तिला दंतकथा केलं. ताकुमी फुजिवारा हा मुलगा वडिलांच्या दुकानातला तोफू पहाटे घाटातून पोहोचवतो. गाडीत पाण्याने भरलेला पेला असतो. पाणी सांडायचं नाही, कारण सांडलं तर तोफूही तुटेल.

या कथेने जगभरातल्या किती मुलांना मॅगव्हील घ्यायला लावलं याची मोजदाद नाही. पण कथा नीट वाचली तर ती उलटंच सांगते. पाण्याचा पेला हा वजन हळुवारपणे एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा धडा आहे. चारातल्या कुठल्या तळहातावर आत्ता किती भार आहे, हे शरीराला कळण्याचा. कमी पकडीचा टायर हा धडा मोठ्याने शिकवतो, जास्त पकडीचा टायर चुका झाकून टाकतो. आणि मौज अशी की ताकुमीला सुरुवातीला गाड्यांमधलं काही कळतच नाही. त्याच्या गाडीवरची ती प्रसिद्ध आठ काड्यांची वातानाबे चाकं त्याने कॅटलॉग चाळून निवडलेली नाहीत. गाडीची सगळी मांडणी वडिलांची, बुन्ताची. ज्या नायकाच्या नावाने ही संस्कृती उभी राहिली, त्याच्याकडे फक्त सराव होता. चाहत्यांनी त्याची चाकं घेतली, कारण चाकं विकत मिळतात.

दुसरी बाजू

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मी कमी पकडीचं उदात्तीकरण करतोय. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

टायर वळण्यापुरता नसतो. तो थांबवतोही. समोर अचानक माणूस आला तर ब्रेक कितीही चांगले असोत, शेवटी गाडीला थांबवतात त्या चार तळहातांवरचं रबर आणि रस्ता. तिथे पकडीची मर्यादा 'बोलकी' असण्याला काही अर्थ नाही. तिथे जास्त पकड हवी. मजेसाठी थांबण्याचं अंतर वाढवणं हे तत्त्वज्ञान म्हणून फार काळ टिकत नाही. आणि कंपनीच्या हेतूवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचं कारण नाही. कमी घर्षणाचा टायर इंधन वाचवतो, जास्त टिकतो आणि स्वस्तही पडतो. कलात्मक निर्णय आणि जमाखर्च यांचं एकमत झालं की त्याकडे थोडं संशयानेच पाहावं.

टोयोटाने स्वतःही आपलं वाक्य दुरुस्त केलं. २०२१ला आलेल्या दुसऱ्या पिढीच्या जीआर८६मध्ये इंजिन २.४ लिटरचं झालं, टॉर्क २५० न्यूटन-मीटर झाला, आणि वरच्या मॉडेलला १८ इंची चाकांवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे अस्सल स्पोर्ट्‌स टायर मिळाले. माप मात्र पाहा: २१५/४०. रबर बदललं, दर्जा बदलला, रिम मोठी झाली, पण रुंदी २१५च राहिली. (२१५च्या ४० टक्के म्हणजे बरोबर ८६ मिलिमीटर साइडवॉल. हा योगायोगच असणार, पण छान आहे.)

माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर या दुरुस्तीत आहे. पकड दोन ठिकाणांहून येते: रबराच्या जातीतून आणि रुंदीतून. दुकानात आणि रील्समध्ये बोललं जातं ते रुंदीबद्दल, कारण रुंदी फोटोत दिसते. रबराची जात दिसत नाही. त्याच २१५ मापात चांगलं रबर घेतलं तर ब्रेकिंग सुधारतं, ओल्या रस्त्यावरचा भरवसा वाढतो, आणि गाडीची लय बरीचशी शाबूत राहते. पावसात तर अरुंद टायरचा फायदाच असतो. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते नाही जमलं की तो पाण्यावर तरंगू लागतो.

मग नवी चाकं घ्यायचीच असतील तर? मी १७ इंचांवरच थांबेन. रुंदी साडेसात किंवा ८ इंच, टायर २१५/४५, फार तर २२५/४५, चारही एकाच मापाचे. २२५ने व्यास ६३४ मिलिमीटर होतो, जेमतेम दीड टक्का वाढ. ८ इंची रिमवर २१५चा टायर जरा सरळ उभा राहतो आणि साइडवॉल कमी डुलते, पण ताणला जात नाही. या मापाला चालणाऱ्या रिमच्या रुंदीत ८ इंच बसतं. पैसे खर्च करायचे ते हलकेपणावर. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्यावर सस्पेन्शनला ते आवरावं लागतं. शिवाय ते फिरतं, आणि कडेजवळचं प्रत्येक ग्रॅम वेग घेताना आणि थांबताना आडवं येतं. व्यास वाढवला की वजन नेमकं कडेकडे सरकतं. म्हणून १९ इंची चाकं घालून गाडी 'स्पोर्टी' झाली म्हणणं मला जड दागिने घालून धावण्यासारखं वाटतं.

रेज कंपनीच्या १९९६ सालच्या टीई३७ या फोर्ज्‌ड चाकाच्या नावातला ३७ हा आकडा वजनाचा आहे: १५ इंची, ६ इंच रुंद चाक ३.७ किलोंचं. नावातच वजन मिरवणारी वस्तू मला आवडते. दुर्दैवाने तिचा आकार इतका प्रसिद्ध झाला की सहा काड्यांच्या नकला सगळीकडे मिळतात, आणि नकलेत नेमका तो आकडाच नसतो. ओतीव स्वस्त धातूचं चाक बलासाठी जाड करावं लागतं, म्हणून जड होतं. जाड केलं नाही, तर खड्ड्यात चीर जाते. घेताना जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या चाचणीच्या खुणा आहेत का, पाच बोल्टचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आहे का, मधलं भोक ५६.१ मिलिमीटरच्या हबवर नीट बसतं का, आणि टायरचा भारांक मूळ ८७पेक्षा कमी तर नाही ना, एवढं पाहावं.

आपल्याकडे ८६ नाही, पण तिच्याबद्दलचा मोह आहे. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या छोट्या हॅचबॅकला दोन इंच मोठी मॅगव्हील आणि पातळ साइडवॉलचे टायर लावलेले रोज दिसतात. मग जुलैमधला खड्डा येतो, साइडवॉलमध्ये धक्का पचवायला जागाच नसते, आणि टायरला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. असा टायर कधीही फुटू शकतो, तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रुंदी आणि उंची ही फक्त सौंदर्याची मापं असती तर ही किंमत पडली नसती.

मला या सगळ्यात एकच गोष्ट वाचवावीशी वाटते: ही वस्तू अशी का आहे, असं बदलण्याआधी विचारण्याची सवय. कधी उत्तर येईल की खर्च वाचवायला अशी आहे, मग खुशाल बदला. कधी उत्तर येईल की ती तुमच्याशी बोलावी म्हणून अशी आहे. तेव्हा थोडे दिवस ऐकून पाहा, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. त्यानंतरही रुंद टायर हवेसे वाटले, आणि गाडी न्यायला एखादा बंदिस्त ट्रॅक हाताशी असला, तर २४५ लावण्यात काहीच गैर नाही. फक्त चारही लावा.